क्लीमाकोने मोजलेली भरती

नवऱ्याशी भांडता येतं, भावाशी भांडता येतं, पाद्र्याशीसुद्धा सातुरिया एकदा भांडली होती. पण कोम्पाद्रेशी भांडता येत नाही. तुमच्या लेकराच्या डोक्यावर ज्याने बाप्तिस्म्याचं पाणी घातलं तो तुमचा कोम्पाद्रे, तुम्ही त्याची कोमाद्रे, आणि त्या दिवसापासून मरेपर्यंत दोघांनी एकमेकांना अहो-जाहोच करायचं. आवाज चढवायचा नाही, वाकडा शब्द काढायचा नाही. भांडलेल्या कोम्पाद्रेंना मेल्यावर स्वर्गाच्या दारातसुद्धा उभं करत नाहीत, असं बोकानिता गावातली सगळी म्हातारी माणसं सांगत. सातुरियाला बावीस वर्षं या नियमाने छळलं होतं, कारण तिचा कोम्पाद्रे क्लीमाको होता.

आणि तो झाला तरी कसा? हातोडी मागायला आला होता. त्याच वेळी सातुरियाची नुकती जन्मलेली पोर निळी पडायला लागली. पाद्री वर्षातून एकदा येणार, तोपर्यंत पोर थोडीच थांबते! सातुरियाच्या आईने, म्हणजे पास्तोराबाईंनी, दारात उभ्या माणसाच्या हातात पाण्याची वाटी दिली आणि "घाल!" म्हणून ओरडल्या. त्याने घातलं. पोर जगली, मोठी झाली, लग्न करून काली शहरात गेली. हातोडी मात्र अजून क्लीमाकोकडेच आहे.

नवरा वारल्यावर होडी सातुरियाकडे आली, आणि होडीला दुसरा माणूस लागतो म्हणून क्लीमाको आला. मागे इंजिनापाशी तो बसायचा, पुढे दोर आणि गळ ती सांभाळायची. जो मागे बसतो तो भरती मोजतो, आणि त्याच्या मोजण्यात दुसऱ्याने तोंड घालायचं नाही, हा आणखी एक नियम. असले नियम करणाऱ्यांनी क्लीमाकोबरोबर एक दिवस होडीत काढून बघायला हवा होता.

त्या सकाळी तर तिच्या डोक्याला आधीच मुंग्या आल्या होत्या. पास्तोराबाईंना पुरून झाल्यापासून घरात रोज संध्याकाळी प्रार्थना चालू होत्या, आणि आज नववी, शेवटची रात्र. भिंतीवर पांढरी चादर, तिच्यावर काळ्या कागदाचं फुलपाखरू, खाली मेणबत्त्या आणि जिवाला तहान लागली तर म्हणून पाण्याचा एक ग्लास. नवव्या रात्रीपर्यंत जीव घरातच वावरतो. मग गाणी म्हणत चादर उतरवतात, मेणबत्त्या विझवतात, आणि माणूस खरोखर जातं. आईने अंथरुणावरून बजावलं होतं, "माझ्या शेवटच्या रात्री लोकांना कॉफी-बिस्किटावर बोळवलंस तर बघ. नारळाच्या रसातली मुशी करायची. पोटभर." आयुष्यभर पास्तोराबाईंनी दुसऱ्यांच्या नवव्या रात्री रांधून वाढलं होतं. त्यांच्याच रात्री पातेलं रिकामं राहिलं असतं तर सातुरियाला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

तिने पहाटे निघायचं ठरवलं होतं. क्लीमाको आला तेव्हा चांगलं उजाडलं होतं. मग तो टोपी विसरला म्हणून परत गेला. टोपी घेऊन आला तर रेडिओ विसरला होता. शेवटी होडीत बसल्यावर त्याने पत्र्याच्या डब्यात निखारे फुलवून कॉफी ठेवली, कारण कॉफीशिवाय त्याला म्हणे समुद्र नीट दिसत नाही.

"कोम्पाद्रे, मुशी आपली वाट बघत थांबणार नाहीत," सातुरिया गोड आवाजात म्हणाली. त्या गोडव्याने तिचे दात शिवशिवले.

"थांबतील, कोमाद्रे. मुशीला कुठे बाजाराला जायचंय?"

खाडीच्या तोंडाशी, गढूळ पाणी हिरव्या पाण्याला मिळतं तिथे, त्यांनी दोर सोडला. हातभर अंतरावर एकेक गळ, प्रत्येक गळाला आमिष म्हणून खारवलेल्या बोयट माशाचा तुकडा. क्लीमाकोने दोर सोडता सोडता त्याच्या मेव्हणीच्या दाढेची हकीकत सुरू केली आणि दोर ओढायची वेळ आली तरी दाढ काही निघेना. पण दोर जड लागला. पहिली मुशी वर आली ती हातभर लांब, करडी, पांढऱ्या पोटाची, अंग असं खरखरीत की सातुरियाच्या मनगटाची साल निघाली. तिने दांडका हाणला आणि गळ सोडवला. मग दुसरी आली, मग तीन गळ सोडून तिसरी. अकरा झाल्या तेव्हा ती आई गेल्यापासून पहिल्यांदा हसली. अकरा मुशींमध्ये अख्खं बोकानिता जेवलं असतं.

"आता मोठ्या खाडीने सरळ घरी," ती म्हणाली.

"मोठ्या खाडीने कशाला? कांदळवनातली आडवाट आहे की. निम्मा वेळ वाचेल."

"त्या वाटेला पाणी असेल ना?"

"कोमाद्रे, आत्ता भरती तुडुंब आहे. तासभर तरी हलणार नाही. मी मोजलंय."

त्याने मोजलं होतं, तिथे बोलणं खुंटलं. होडी आडवाटेत शिरली. दोन्ही बाजूंनी तिवरांची मुळं पाण्यात उतरलेली, वरती फांद्यांचं छत. सातुरिया सात वर्षांची असल्यापासून याच मुळांवरून चालत, चिखलात हात घालून काळ्या शिंपल्या काढत आली होती. मुळं काय सांगतात हे तिला कळत होतं. पाण्याच्या वर वीतभर मुळं ओली होती. म्हणजे पाणी उतरायला लागून बराच वेळ झाला होता.

"कोम्पाद्रे, मुळं वर ओली दिसतायत."

"पाऊस पडून गेला असेल."

"पाऊस मुळांना एका रेघेत भिजवतो का हो?"

"आमच्याकडे भिजवतो," क्लीमाको म्हणाला आणि दाढेच्या हकीकतीकडे वळला.

दुसऱ्या वळणावर होडीचं पोट चिखलाला घासलं. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. क्लीमाकोने वल्ह्याने रेटून बघितलं. मग खाली उतरून रेटायला गेला तर मांडीपर्यंत रुतला. तिने हाताला धरून त्याला वर ओढलं, तोपर्यंत पाणी आणखी बोटभर उतरलं होतं. थोड्या वेळाने होडी एका अंगावर कलली आणि सुटकेचा निःश्वास टाकल्यासारखी चिखलात बसली. आता परत पाणी चढून होडी हलेपर्यंत अंधार पडणार होता. तोवर उकाड्यात मुशी नासणार. मुशीचं मांस उग्र व्हायला कितीसा वेळ लागतो? वास आला की कुत्रंसुद्धा तोंड लावत नाही.

"काय आहे, कोमाद्रे," क्लीमाको चिखल पुसत म्हणाला, "चंद्राची आज काहीतरी तब्येत..."

"चंद्राची?" सातुरियाचा आवाज कांदळवनात असा घुमला की दोन बगळे उडाले. "तब्येत चंद्राची नाही, तुझी बिघडलीय! बावीस वर्षं! बावीस वर्षं मी तोंड दाबून बसलेय! टोपी विसरतोस, रेडिओ विसरतोस, त्या मेव्हणीच्या दाढेने माझं डोकं उठवलंस, आणि आज, माझ्या आईच्या शेवटच्या रात्री, मला चिखलात आणून बसवलंस! तुला अक्कल नावाची चीज आहे का रे? वीतभर मुळं ओली दिसत होती, वीतभर!"

बोलून झालं आणि तिचं तिलाच ऐकू आलं. तू. रे. अख्ख्या बोकानितात कुणी कोम्पाद्रेला असं बोललेलं तिने ऐकलं नव्हतं.

क्लीमाको चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बोटांवर मोजायला लागला.

"मी नीटच मोजलं होतं, कोमाद्रे. नऊ दिवस ढग आहेत, चंद्र कुणाला दिसलाय? शेवटचा दिसला तो पास्तोरामावशींना पुरलं त्या रात्री. पुरता गोल होता. त्याच रात्री पहिली प्रार्थना झाली. मधले दोन दिवस मी लाकडं तोडायला नदीच्या वरच्या अंगाला होतो, परत आलो तर आठवी चालू होती, पण त्याने काय होतं? रात्री सरतातच. आज नववी. भरती रोज पाऊण तास उशिरा येते, एवढ्या दिवसांचं मोजलं की ती बरोबर आत्ता तुडुंब. तुम्हीच मोजून बघा."

सातुरियाने मोजलं. तिची बोटं सातावरच संपली.

आज नववी नव्हती. नववी प्रार्थना होती, पण रात्र सातवी होती. तिचा भाऊ विल्बेर्तो चौथ्या रात्री शहरातून आला, काळा चष्मा लावून. त्याला परत नेणारी मालाची बोट उद्या पहाटे सुटणार होती, आणि शेवटची रात्र तर त्याला हवी होती. "देवाला काय फरक पडतो?" तो म्हणाला होता. "दोन दिवसांच्या माळा एका बैठकीत ओढल्या तर तिकडे पोचत नाहीत का?" प्रार्थना म्हणणाऱ्या इनोसेन्सियाबाईंनी नाक मुरडलं होतं. पण सातुरिया हो म्हणाली. एकदा नाही, दोन संध्याकाळी दुहेरी म्हणून घेतलं. क्लीमाको तेव्हा लाकडं तोडत होता, आणि नंतर त्याला हे सांगायची तिला लाज वाटली.

"कोम्पाद्रे," ती हळू आवाजात म्हणाली, "तुमचं मोजणं बरोबर आहे. रात्री मी चोरल्या." आणि तिने सगळं सांगून टाकलं.

क्लीमाकोने मोजलेली बोटं मिटली आणि टोपी परत डोक्यावर चढवली.

"म्हणजे मावशींना दोन रात्री आधी घराबाहेर काढत होतो आपण."

"आपण नाही. मी."

"म्हणून बसवलं बघा त्यांनी आपल्याला इथे." त्याने होडीखालच्या चिखलाकडे बोट दाखवलं. "मला वाटी दिली तेव्हाही असाच दम भरला होता. घाल म्हणाल्या. आज म्हणतायत, बैस."

सातुरियाला हसू आलं, आणि हसता हसता रडूही. पुरल्यापासून ती रडली नव्हती. आधी पातेली, मग मेणबत्त्या, मग विल्बेर्तोचा चष्मा आणि त्याची बोट. रडायला सवडच झाली नव्हती. आता मात्र बसून राहण्याशिवाय काही करता येण्यासारखं नव्हतं.

डोळे पुसून ती उठली. "मुशी साफ करा. पोटं फाडून मीठ चोळा, आमिष खारवायचं मीठ उरलंय. मी फांद्या आणते." मुळांवरून पाय टाकत ती कांदळवनात शिरली. तिवराच्या सुक्या फांद्या घेऊन आली तेव्हा क्लीमाकोने अकराच्या अकरा मुशी चिरून ओळीने मांडल्या होत्या आणि कॉफीच्या डब्यातले निखारे फुंकत होता. वल्हं आणि काठ्यांचा मांडव करून त्यांनी मुशी धुरावर धरल्या. धुराची मुशी दोन दिवस काय, आठवडाभरही टिकते.

"आज गावकरी जमतील त्यांचं काय?" क्लीमाकोने विचारलं.

"जमू देत. आज सातवी आहे, म्हणून सांगायचं. चादर नाही उतरवायची. कॉफी-बिस्किटं द्यायची."

"आणि विल्बेर्तो?"

"त्याची बोट आहे ना पहाटे? जाऊ दे बोटीने."

धूर डोळ्यांत जात होता. थोड्या वेळाने ती म्हणाली, "कोम्पाद्रे, मघाशी मी तुम्हाला जे बोलले..."

"कधी?" क्लीमाको मुशी उलटवत म्हणाला. "मला काही ऐकू आलं नाही. इंजिन चालू होतं."

इंजिन तेव्हा बंद पडून अर्धा तास झाला होता. दूरवर पाणी अजून उतरतच होतं. त्या रात्री घरी गेल्यावर सातुरियाला आईच्या ग्लासातलं पाणी बदलायचं होतं, आणि उद्या पुन्हा, आणि परवा पुन्हा. आई अजून घरात होती.