नमस्कार मागनं

मिलिटरीतून माणूस रिटायर होऊन आला की आमच्या भागात त्याच्याकडून दोन अपेक्षा असतात. एक, लढाईच्या गोष्टी. दुसरी, कँटीनची बाटली. कुंडलच्या हंबीरराव पवारांनी दोन्ही बाबतींत गावाची निराशा केली. ते मिलिटरीच्या दवाखान्यात हवालदार होते. त्यांनी माणूस एकही मारला नव्हता, उलट मरायला टेकलेल्या काहींना धरून ठेवलं होतं, आणि असल्या गोष्टी ऐकायला पारावर कोण बसतो? बाटलीला ते शिवत नसत. मिशा तेवढ्या झोकदार होत्या, म्हणून गावानं त्यांना अगदीच वाळीत टाकलं नाही.

मी तेव्हा कृष्णाकाठच्या आमच्या साखर कारखान्यात टाइमकीपर होतो. पंचाहत्तरच्या आसपासचा हंगाम असेल. ऊस टाकायच्या गव्हाणीजवळ आकाराम नावाच्या वायरमनला शॉक बसला. मग आपल्याकडं नेहमी जे होतं ते सगळं झालं. त्याला धरून बसवलं, तोंडात तांब्यानं पाणी ओतलं, नाकाला कांदा लावला, दोघांनी तळपाय चोळले, आणि उरलेल्यांनी भोवती कडं करून वारा अडवला. त्याच्या सेवेत कुणी कसूर केली नाही. फक्त तो श्वास घेत नव्हता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आकारामचं लग्न ठरलेलं होतं. मला त्या पाण्याच्या तांब्याचा अजून राग येतो.

आमचे कारखान्याचे डॉक्टर भला माणूस. ते म्हणाले, शॉक लागून काळीज थांबलं तरी तिथल्या तिथं छाती दाबली आणि तोंडानं श्वास दिला, तर काही माणसं परत येतात. पण मी दवाखान्यातून पळत येईपर्यंत वेळ गेलेली असते. जो शेजारी उभा आहे त्यालाच हे आलं पाहिजे. त्यांनी हंबीररावांना बोलावून घेतलं आणि आमची चौघांची तुकडी त्यांच्या ताब्यात दिली. कंपाउंडर आप्पासो, जीपचा ड्रायव्हर जोतिबा, गेटवरचा वॉचमन सिद्धू आणि मी. माझी निवड कशी झाली ते कळलं नाही. हजेरी घ्यायला कुणीतरी लागतं, तसाच असेन.

शिकायला बाहुला पाहिजे होता. सिद्धू जतकडचा धनगर, त्यानं घरची लोकर आणली. जोतिबानं जुन्या जीपच्या सीटची स्प्रिंग काढून दिली, ती छातीत बसली. शिवायचं काम हंबीररावांच्या बायकोकडं, चंद्राबाईंकडं आलं. घरात उघडा गडी ठेवणार नाही म्हणून त्यांनी त्याला नवऱ्याचा जुना कोट चढवला, आणि कोटावर बोडकं डोकं बरं दिसेना म्हणून फेटाही बांधला. बाहुला त्यांच्या सोप्यात भिंतीला टेकून बसलेला असायचा. शेजारच्या राहीबाईंना नजर कमी होती. त्यांनी त्याला, "पावणं, जेवला का?" म्हणून विचारलं. उत्तर आलं नाही. पाहुण्याला लय गर्व आहे म्हणत त्या संक्रांत होईपर्यंत त्या घराकडं फिरकल्या नाहीत. तेव्हापासून आम्हीही बाहुल्याला पाहुणाच म्हणायला लागलो.

शिकवणी वजनकाट्याच्या मागं, पत्र्याच्या सावलीत चालायची. तारेला चिकटलेल्याला हात लावायचा नाही, आधी कोरड्या काठीनं सोडवायचा. मग मानेची नाडी बघायची, कडक भुईवर उताणा पाडायचा, पाच दाब, एक फुंकर. एकानं छातीशी गुडघे टेकायचे, दुसऱ्यानं डोक्याशी. दमलं की जागा बदलायची. फुंकरीला आप्पासो स्वतःचा रुमाल पाहुण्याच्या तोंडावर अंथरायचा, कारण सिद्धू तंबाखू खायचा आणि पाहुण्याच्या तोंडाला त्याचा वास राहायचा.

हे सगळं आम्हाला लवकर जमलं. जमलं नाही ते वेगळंच. जागा बदलताना कुणाचा तरी पाय पाहुण्याला लागायचा. आता आपल्यात माणसाला पाय लागला की हात आपोआप खाली जातो, त्याला शिवतो आणि परत आपल्या छातीला लागतो. हे बाळकडूच आहे, त्याला विचार करावा लागत नाही. पाय लागला की नमस्कार, आणि नमस्कार होईपर्यंत दाब बंद. त्यात पाहुण्याला फेटा, म्हणजे तो वयानं मोठा. आप्पासो तर नमस्कार करून वर "चुकलं हं" असंही म्हणायचा.

हंबीरराव हे बघत उभे राहायचे आणि मग शांतपणे सांगायचे, "पावणं मेलं."

"आवं, आत्ता तर दाबत हुतो की," आप्पासो म्हणायचा.

"तुमी पाया पडत हुता तवा मेलं."

"पर पाय लागला की मास्तर," सिद्धू म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

"लागू दे. नमस्कार मागनं कर. जगला तरी कर, न्हाई जगला तरी कर. आदी दाब."

चंद्राबाईंकडून पाहुण्याचा फेटा काढून आणला, तरी फरक पडला नाही. मग 'नमस्कार मागनं' ही आमची कवायतीची आरोळीच झाली. हात खाली जायला लागला की हंबीरराव ओरडायचे, आणि हात अर्ध्या वाटेवरून परत छातीवर यायचा. पाहुणा किती वेळा मेला त्याची मोजदाद नाही. पण हळूहळू तो मरायचा थांबला.

हंबीरराव आम्हा सगळ्यांवर ओरडायचे, डॉक्टरांशीही वाद घालायचे. गप्प बसायचे ते एकाच माणसासमोर. थोरले बंधू लालासाहेब. वडील लवकर गेले तेव्हा लालासाहेबांनी शाळा सोडून नांगर धरला आणि धाकट्याला वाढवलं, शिकवलं, पलटणीत पोचवायला स्वतः स्टेशनपर्यंत गेले. मिशा पांढऱ्या झाल्या तरी हंबीरराव रोज दादांच्या पाया पडल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत. दादांच्या शब्दाबाहेर ते कधी गेले नव्हते. हे कौतुकानं सगळे सांगतात. मला ते जरा जास्तच वाटायचं.

लालासाहेब ऊस घालायला कारखान्यावर यायचे आणि गाडी रांगेत लागली की आमची शिकवणी बघायचे. त्यांना ती पटली नव्हती.

"मेल्या मानसाच्या उरावर बसायला शिकीवतूस व्हय रं? आपल्यात मढ्याला हळू धरत्यात," ते एकदा सगळ्यांदेखत म्हणाले. "माझं कवा काय झालं तर असलं काय करायचं न्हाई. सुखानं जाऊ द्यायचं. कळलं का?"

"व्हय दादा," हंबीरराव म्हणाले. दुसरं काही त्यांच्या तोंडून येणारच नव्हतं.

हंगाम संपत आला होता. धुरळा बसावा म्हणून त्या दुपारी उसाच्या गाड्यांच्या आवारात पाणी मारलं होतं. आम्ही पत्र्याखाली पाहुण्याला घेऊन बसलो होतो. लालासाहेबांनी बैल सोडले आणि कासरा बांधायला दिव्याच्या लोखंडी खांबाला हात घातला. खांबात करंट उतरला होता. ते ओरडले नाहीत. नुसते खांबाला धरून ताठ झाले.

सिद्धू आधी पोचला. त्यानं मेंढरं वळायच्या काठीचा एकच तडाखा मनगटावर दिला आणि हात सुटला. हंबीररावांनी त्यांना ओल्यातून ओढून कोरड्यात घेतलं, मानेला बोटं लावली. बोटं तिथंच राहिली. नाडी नव्हती. छाती हलत नव्हती. त्यांनी गुडघे टेकले, आणि टेकताना गुडघा दादांच्या दंडाला लागला.

त्यांचा हात गेला. दादांच्या पायांवर गेला, मागोमाग डोकंही गेलं, आणि ते वर येईना. आम्हाला सगळ्यांना शिकवणारा माणूस भावाच्या पायांवर डोकं ठेवून बसला होता. नमस्कार करत होता, की दिलेला शब्द मोडायची परवानगी मागत होता, मला सांगता येत नाही. गाडीवान जमले. कुणीतरी पाण्याचा तांब्या घेऊन पळत आला. हे सगळं मी आकारामच्या वेळी पाहिलेलं होतं.

"मास्तर," सिद्धू म्हणाला. "नमस्कार मागनं."

तो ओरडला नाही. पण हंबीरराव उठले, दोन्ही तळवे छातीवर ठेवले आणि दाबलं. पहिल्याच दाबात बरगडी मोडल्याचा आवाज आला. गाडीवानांत गलका झाला, थोरल्या भावाच्या उरावर बसलाय म्हणून. हंबीरराव मोठ्यानं मोजत होते आणि रडत होते, दोन्ही एकदमच चाललं होतं. सिद्धूनं तोंडाला तोंड लावलं. रुमालाची आठवण कुणालाच झाली नाही. मी तांब्यावाल्याच्या हातावर फटका मारून तांब्या उडवला. ही माझी त्या दिवसाची एकूण कामगिरी, आणि तिचा मला अभिमान आहे.

हंबीरराव दमले, आप्पासो बसला. आप्पासो दमला, जोतिबा बसला. लालासाहेबांना आमचे पाय लागले, गुडघे लागले, सिद्धूचं कोपर तर मिशीला घासलं. कुणाचा हात खाली गेला नाही. डॉक्टर पळत आले तेव्हा लालासाहेबांनी एक मोठा, खरखरीत श्वास घेतला, मग दुसरा. डॉक्टरांनी नाडी बघितली आणि ती लागतेय म्हणाले. मग ऑक्सिजन लावून लालासाहेबांना जीपमधून मिरजेला नेलं.

आठवड्यानं आम्ही सगळे मिरजेला गेलो. लालासाहेब छातीला पट्टे बांधून खाटेवर पडले होते. चंद्राबाई उशाशी होत्या, त्यांनी तोपर्यंत सगळी हकिगत सांगून टाकलेली दिसत होती.

"फुकर कुनी मारली?" लालासाहेबांनी विचारलं.

"म्या," सिद्धू म्हणाला.

"तंबाखू जरा बरी खात जा."

मग त्यांनी भावाकडं पाहिलं. "तू व्हय म्हनला हुतास."

"व्हय दादा," हंबीरराव म्हणाले, आणि मान खाली घातली.

सिद्धू खाटेच्या पायथ्याशी गेला आणि वाकून लालासाहेबांच्या पायांना हात लावला. "तवाचा ऱ्हायला हुता," तो म्हणाला. त्याच्यामागं आप्पासो वाकला, वर "चुकलं हं" म्हणाला. मग जोतिबा, मग मी. शेवटी हंबीरराव पुढं झाले, तशी लालासाहेबांनी दोन्ही पाय चादरीत ओढून घेतले.

"तुझा झालाय," ते म्हणाले. "आदीच केलास, असं सांगत्यात मला."

हंबीरराव वाकलेले तसेच राहिले. लालासाहेबांनी चादरीतून हात काढून खाटेवर थोपटला.

"आता पाया पडायचं बास," ते म्हणाले. "हितं वर बस, माझ्यासंगं."

हंबीरराव खाटेच्या अगदी कडेला टेकले. थोरल्या भावाच्या बरोबरीनं बसायची त्यांची ती पहिलीच वेळ होती.