लंगडी कोणती?

सुदाम मिस्त्रीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो चालू इंजिनाच्या प्लगची वायर उघड्या हातानं धरून उभा होता. चांगली मूठ आवळून. झटका दंडापर्यंत जात होता, खांदा उडत होता आणि हा बाबा डोळे मिटून "हां... बराबर... बराबर" म्हणत होता. मी ओरडलो, "अहो, मराल!" त्यानं एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि गाडीच्या मालकाला विचारलं, "कोण हाय हे येडं?" ते येडं म्हणजे त्याच्या शेजारच्या गाळ्यात नुकतंच स्पेअर पार्टचं दुकान टाकलेला मी.

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला आमचे दोन गाळे होते. गॅरेजशेजारी दुकान म्हणजे धंदा जोरात, असं मला वाटलं होतं. कसला जोरात! सुदाम माझ्या धंद्याच्या मुळावरच उठला होता. गाडी मिसिंग करायला लागली, धक्के खायला लागली की गिऱ्हाईक आधी माझ्याकडे यायचं. प्लग द्या, वायर द्या, कॉईल द्या. मी डबे काढतो न काढतो तोच पलीकडून हाक, "अय दुकान! काही देऊ नको त्याला. आधी लंगडी तं सापडू दे." मला आईबापानं ठेवलेलं नाव होतं. पण सुदामनं ते एकदाही घेतलं नाही.

लंगडी हा त्याचा शब्द. बाकीचे मिस्त्री म्हणतात, एक सिलिंडर मारत नाही. पण सुदाम मेंढरं राखणाऱ्या घरातला, धावड्याकडचा. "कळप चालला की माझा बाप मागं राहून ऐकायचा," तो सांगायचा. "एक मेंढी लंगडत असली तरी सगळ्या कळपाची चाल बिघडती. अन् लोक काय करून राह्यले? सगळ्या कळपाला दवा पाजून राह्यले! अरे, लंगडी कोणती ते तं बघा." मग तो चालू इंजिनाची एकेक वायर उपसायचा. वायर काढल्यावर आवाज पडला तर ते सिलिंडर कामाचं. फरकच पडला नाही तर तेच मेलेलं. "ही गेली तरी कळपाला खबर न्हाई. हीच लंगडी!" एवढं म्हणून वायर लगेच मुठीत. करंटच येत नाही की करंट येऊन प्लग मेलाय, याचा निकाल तिथंच लागायचा.

डिझेल गाडी दारात आली की तो सरळ चहा प्यायला निघून जायचा. डिझेलला प्लग नसतो. "तिच्यात करंट न्हाई, बोलू कोणाशी?" म्हणायचा. हट्टी तर असा की संताप यावा. पण आजूबाजूच्या गावांतून लोक पेट्रोलच्या जुन्या गाड्या लंगडत लंगडत त्याच्याकडेच आणायचे. मिस्त्रीचे कान लई तेज, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो.

एका उन्हाळ्यात तो गॅरेजमध्येच चक्कर येऊन पडला. आम्ही त्याला जालन्याला नेलं. छातीचा ठोका मधूनच गळत होता. डॉक्टरांनी खांद्याखाली कातडीच्या आत मशीन बसवलं आणि समजावून सांगितलं, "तुमच्या हृदयाला करंट वेळेवर मिळत नव्हता. आता हे मशीन देईल." सुदाम खाटेवर पडल्या पडल्या हसला. "म्हणजे मीच लंगडत होतो का! अन् तुम्ही सापडवलं. वा!" डॉक्टरही हसले आणि सहज म्हणाले, "काम काय करता?"

काम ऐकल्यावर डॉक्टर गंभीर झाले. चालू इंजिनाच्या प्लग-वायरींजवळ जायचं नाही. झटका तर बिलकुल नको, मशीन दगा देऊ शकतं. सुदामनं पुन्हा पुन्हा विचारलं, हातमोजा घालून? लाकूड धरून? डॉक्टर मान हलवत राहिले. बाहेर व्हरांड्यात त्याची बायको कौसाबाई पदर तोंडाला लावून उभी होती. "भाऊ, तुम्ही शेजारी असता. चालू इंजनाला हात लावू देऊ नका त्यायला. मला शब्द द्या." मी दिला. कोणीही दिला असता.

घरी आल्यावर थोड्याच दिवसांत तो परत गॅरेजवर येऊन बसला. ब्रेक, क्लच ही कामं करता आली असती. मी म्हणालो तर भडकला. "बंद गाडी म्हंजे मढं. मढ्याला काय इचारू?" मग मीच तोड काढली. तू लांब लिंबाखाली उभा राहा, वायरी मी उपसतो, तू आवाज ऐक. कान तर कुणी काढून घेतले नाहीत ना तुझे?

आष्टीचा एक भांडेवाला बाजारोबाजार व्हॅन घेऊन फिरायचा. त्याची व्हॅन त्या दिवशी धडधडत आली. मी प्लास्टिकच्या पकडीनं एकेक वायर काढली, लावली. सुदाम लिंबाखालून म्हणाला, "तिसरी." मी तिसरीचा प्लग बदलला, वायर बदलली. गाडी तशीच. "मंग पहिली आसंल." पहिलीचंही झालं. गाडी तशीच थरथरत होती. भांडेवाल्याला बाजार गाठायचा होता. तो चिडून म्हणाला, "मामा, अंदाजानंच सांगून राह्यले का तुम्ही?"

सुदाम लिंबाखालून निघाला. सावकाश चालत माझ्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "दुकान, तू दोन मिनिटं आत जा."

मी त्याचं मनगट धरलं. घट्ट धरलं. तो हिसका देईल, शिव्या देईल म्हणून मी पाय रोवून उभा होतो. त्यानं हात माझ्या हातात सैल सोडून दिला. अरे, दे ना एक शिवी! तेवढ्यात भांडेवाल्यानं बॉनेट आपटलं आणि व्हॅन लंगडतच अंबडच्या रस्त्याला लागली.

तो माझ्या दुकानाच्या पायरीवर बसला.  मग म्हणाला, "लोक म्हनायचे कान तेज. मीबी तसंच समजून चालल्तो. कान न्हवता रे. आवाजानं नुस्ता शक यायचा. बराबर काय ते ह्या हाताला कळायचं." तळहात उलटासुलटा करून पाहिला. "मी येवढाच होतो."  त्याला चहा पाजून मी घरी पाठवलं आणि शटर ओढून आत बसून ढसाढसा रडलो.

त्यानंतर तो गॅरेजवर आला नाही. मी घरी जायचो तेव्हा खाटेवर बसलेला असायचा. गोळ्या वेळेवर, जेवण वेळेवर. मला 'दुकान' म्हणेना. 'या' म्हणायचा. सुदाम मला अहो-जाहो करायला लागला, याचं मला जेवढं भय वाटलं तेवढं त्याच्या छातीतल्या मशीनचंही कधी वाटलं नव्हतं. दोन वर्षं अशी गेली. एका दुपारी जेवून तो आडवा झाला आणि उठलाच नाही.

अग्नी द्यायच्या आधी ते मशीन काढावं लागतं, नाहीतर चितेत फुटतं. ओळखीचे एक डॉक्टर घरी आले. त्यांनी ते काढून, पुसून ताटलीत ठेवलं. कौसाबाईनं त्यांना विचारलं, "हे खराब झाल्तं का?"

"नाही हो, आई. मागच्याच महिन्यात तपासलं होतं. अजून कितीतरी वर्षं चाललं असतं."

"मशीन तं चांगलं हाय म्हनता," ती म्हणाली. "मंग माणूस कामून गेला?"

डॉक्टर वय, अशक्तपणा असं काहीबाही सांगत राहिले. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.  तिला दिलेला शब्द मी शेवटपर्यंत पाळला होता.