शेगडीत सळई कशाला?

संग्रहालयात तिला सगळे दरबारीण म्हणत. वीस वर्षं एकाच चित्रापुढे उभं राहून राजेरजवाड्यांच्या गोष्टी सांगायच्या, दुसरं काय नाव पडणार?

चित्र भिंतभर. जुन्या काळचा राजा अंथरुणाला खिळलाय आणि धाकट्या मुलाच्या बोटात राजमुद्रेची अंगठी घालतोय. थोरला खांबाला टेकून उभा, डोळ्यांवर पट्टी. पलंगाशी शेगडी. लोक अंगठी बघायचे, जरीचे कपडे बघायचे. मग दरबारीण विचारायची, "म्हाताऱ्याला थंडी वाजते म्हणून शेगडी ठेवली, होय ना? मग तिच्यात सळई कशाला?" आणि सगळ्या माना शेगडीकडे वळायच्या.

काल एक गृहस्थ येऊन गेले. धाकट्याच्या वंशातले म्हणवणारे. आवाज लोण्यासारखा.

"ताई, थोरला आजारानं आंधळा झाला, म्हणून गादी आमच्याकडे आली. शेगडी उबेसाठी. एवढंच सांगत चला."

सोबतचे दोघे दार अडवून उभे होते. तेच जास्त वाईट.

घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो दाढीचा फेस पुसत म्हणाला, "सांग की उबेची! राजा काय तुझ्या माहेरचा लागून गेलाय?"

ती हसली, पण ताट तसंच बाजूला सारलं.

आज ते तिघेही गर्दीत होते. पुढेच, हाताची घडी घालून. अंगठी झाली, जरीचे कपडे झाले. शेगडी आली तशी तिनं त्या तिघांकडे पाहिलं.

"ही शेगडी... उबेसाठी."

गृहस्थांनी मान डोलावली. सुटले बाई, असं तिला वाटतं न वाटतं, तोच मागून एक म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली, "अगं, पण त्या पोराचे डोळे कशानं गेले?"

आजारानं. एक शब्द. तो ओठापर्यंत आलाही होता. पण म्हातारी मान उंचावून त्या पट्टीकडे अशी बघत होती, जणू पोटचं पोर उभं आहे. दरबारिणीला थोबाडीत बसल्यासारखं झालं.

"त्या सळईनं, आजी," ती म्हणाली. "बापानंच. धाकट्याला गादी द्यायची होती ना."

"मेल्याचं वाटोळं होवो," म्हातारी म्हणाली.

कुणी हसलं नाही. गर्दी पुढच्या दालनात गेली. गृहस्थ मागे रेंगाळले.

"ताई," तसंच लोणी, "घरी कशानं जाता?"

"नवरा येतो न्यायला."

वीस वर्षांत तो एकदाही आला नव्हता. ते तिघे पायऱ्या उतरून फाटकाशी जाऊन थांबले. तिनं खिडकीतून पाहिलं आणि फोन लावला. आधी भलताच नंबर लागला.

"अहो, मी सळईचंच सांगितलं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज.

"आतच थांब. दारात येऊ नकोस. निघालोच."