चाळीस वर्षं गुंड

"घाबरू नका ताई, मी पोटासाठी मारतो."

कोणीही मराठी बाई भेटली की ते हात जोडायचे आणि आधी हे सांगून टाकायचे.

तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. नाव मात्र ठाऊक नसेल. हिंदी सिनेमात बड्या खलनायकाच्या मागे काळा कोट घालून उभा असलेला, कपाळावर व्रण असलेला माणूस. दार लाथेने उघडायचं, "बॉस, माल आ गया" म्हणायचं आणि हीरोच्या पहिल्या गोळीला पडायचं. चाळीस वर्षं हेच. व्रण लहानपणी उखळावर आपटून झालेला. दारू नाही, विडी नाही. तरी मुलीच्या शाळेत गेले की बाया पर्स छातीशी धरायच्या.

"म्हणजे काम चांगलं झालं म्हणायचं," असं ते म्हणत. मला ते कधी पटलं नाही. बायांना अक्कल नव्हती, दुसरं काय.

म्हातारपणी ते मुलाकडे हॉलंडमधल्या न्यूनेनला आले. मीही इथे मुलाकडेच राहते, त्याच रस्त्यावर. इथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं. शेजारची डच म्हातारी हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, जाताना कुत्रा त्यांच्या हाती द्यायची. पहिल्यांदा दिला तेव्हा हा माणूस पट्टा धरून तासभर एका जागी उभा.

"ताई, तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कुत्रा दिला हो!"

मग इथल्या आपल्या मराठी मंडळाला ते कोण याचा शोध लागला. शिकल्यासवरल्या इंजिनियरांनी सिनेमातल्या त्यांच्या मरण्याचे तुकडे जोडून ग्रुपवर टाकले. खाली हसरी तोंडं.

गणपतीत नाटक होतं. त्यांनी स्वतः सेक्रेटरीकडे जाऊन गुरुजींचं काम मागितलं. मिळालं. दोन महिने माझ्या स्वयंपाकघरात तालीम चालली. मी चौथीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून वाचायची, ते पाठ म्हणायचे. शेवटी गुरुजी पोरांचा निरोप घेतात, तिथे दर वेळी अडखळायचे.

"एवढं बोलायची सवय नाही ताई. आमचा माणूस याच्या आधीच मेलेला असतो."

नाटकाच्या दिवशी सेक्रेटरीने त्यांना न विचारता त्यांच्या प्रवेशाला गोळीबाराचा आवाज लावला. सरप्राइज म्हणे! धोतर-टोपीतले गुरुजी आले आणि लोक हसून लोळले. ते थांबले, हसू ओसरू दिलं, बोलायला लागले. पुन्हा हशा. तसंच रेटत नाटक निरोपाच्या भाषणापर्यंत आलं. चार वाक्यं झाली असतील, मागून कोणी ओरडलं, "बॉस, माल आया क्या?"

त्यांनी लोकांकडे पाहिलं. मग हात छातीवर ठेवला, गर्रकन फिरले आणि धाडकन पडले. सिनेमात पडायचे तसेच. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. एका म्हाताऱ्याला घटकाभर भला माणूस होऊ देणं यांच्या जिवावर आलं होतं.

नंतर ते मुंबईला परतले; गेल्या आठवड्यात तिथेच वारले. ग्रुपवर लगेच फोटो, हातात पिस्तूल. खाली 'लेजंड'. तो पाहून माझं डोकं फिरलं. पडदा पडल्यानंतरचं कोणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते.

नाटकाच्या त्या दिवशी मी पडद्यामागे गेले तेव्हा ते टोपी हातात धरून बसले होते.

"भाषण राहिलं, ताई."

"मग म्हणा. मी आहे ना."

मी कोटांच्या ढिगावर बसले. ते उठले, टोपी नीट घातली आणि पहिल्यापासून बोलू लागले. एकदाही अडखळले नाहीत. एवढ्यात सेक्रेटरी मोबाइल घेऊन आत घुसला.

"काका, एकच फोटो! पिस्तुलाची पोझ..."

"गुरुजी बोलताहेत," मी म्हटलं. "खाली बस, नाहीतर बाहेर हो."

आजूबाजूला खुर्ची नव्हती. सेक्रेटरी फरशीवर मांडी घालून बसला. गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्यासाठी शेवटचं वाक्य पुन्हा एकदा, सावकाश म्हटलं.