कट्ट्याचा उतार

सिद्दगंगय्यांनी कोणावर विश्वास ठेवल्याचं मी तरी कधी पाहिलं नाही. दूध घेताना ते आधी बोट बुडवून बघत. पेपरवाल्याने कालचाच पेपर टाकला की काय म्हणून तारीख वाचत, आणि देवळातलं तीर्थसुद्धा हुंगल्याशिवाय तोंडात घालत नसत. त्यात त्यांचा दोष नाही. उभी हयात बेंगळुरूच्या शहर बसमध्ये कंडक्टरकी केलेली. समोर माणूस आला की याने तिकीट काढलंय का, हाच पहिला विचार. निवृत्त झाले, खांद्यावरची चामड्याची पिशवी सुटली, पण नजर काही सुटली नाही.

माझं शिलाईचं दुकान अरळीमरदपाळ्याच्या चौकात, त्यांच्या झाडांसमोर. पाळ्य म्हणजे वस्ती, अरळी म्हणजे पिंपळ. त्याच्यावरूनच आमच्या पाळ्याला नाव पडलं, पाळ्य खेडं होतं तेव्हा. आता शहराने आम्हाला गिळलंय, तळ्याच्या जागी बस डेपो आहे, पण नाव तेच. या पिंपळाशेजारी सिद्दगंगय्यांच्या बायकोने, होन्नम्माने, एक कडुनिंब लावला. तो खांद्याएवढा झाल्यावर दोघांचं रीतसर लग्न लावलं. निंबाला हिरवं लुगडं नेसवलं, मंगळसूत्र बांधलं, आणि पाळ्याला चित्रान्नाचं जेवण घातलं. लुगड्याला फॉल मी लावला होता. नवरीला फॉल कशाला, असं सिद्दगंगय्या म्हणाले होते. होन्नम्मा म्हणाली, "तुमच्या खिशातून जात नाही ना? मग गप्प बसा."

त्यांना मूलबाळ नव्हतं. होन्नम्मा आजारी पडली तेव्हा शेवटची पेज तिच्या तोंडात मी घातली. ती गेली त्याच वर्षी रस्ता रुंद करायची टूम निघाली आणि एका सकाळी दोन्ही बुंध्यांवर तांबड्या रंगाची फुली दिसली. सिद्दगंगय्या दिवसभर त्या फुलीकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी गवंडी आला.

या शहरात झाडाला कायदा वाचवत नाही, हळदकुंकू वाचवतं. हे ते चांगलं ओळखून होते. त्यांनी दोन्ही झाडांभोवती गुडघ्याएवढा उंच कट्टा बांधला, वर चकचकीत फरशी घातली, भटजी बोलावून नागाचे दगड बसवले, आणि दर्शनी भागात होन्नम्माच्या नावाची काळी शिळा लावली. पाणी साचून बायकांचा पाय घसरू नये म्हणून कट्ट्याला बाहेरच्या बाजूने उतार ठेवायला लावला. गवंड्यामागे उभं राहून त्यांनी तो उतार गोटी टाकून टाकून तपासला. सिमेंट बुंध्याला असं भिडवून घेतलं की मुंगीलाही आत जायला वाट नको. मोजणीवाले आले, नाग बघितले, चपला काढून नमस्कार केला आणि निघून गेले. रस्ता आमच्या चौकात आजही पोट आत घेऊन जातो.

मग त्यांना चटकच लागली. गल्लीत दोन्ही बाजूंनी करंज आणि जांभळीची रोपं लावली, प्रत्येकाला सिमेंटचं कडं, प्रत्येकापाशी हळद लावलेला एक दगड. वीजवाले फांद्या तोडायला आले की हे कट्ट्यावरून ओरडत, "होल्डान!" इथे बस थांबवायला कंडक्टर तेच ओरडतो. आम्ही सगळे बसमध्ये लहानाचे मोठे झालेलो, तेव्हा तो शब्द कानावर पडला की पाय आपोआप जागच्या जागी थांबतो. शिडीवरच्या माणसाचा करवतीचा हात तसाच हवेत राही.

मग एका साली उगादीचा पाडवा आला आणि निंबाला मोहोर आला नाही.

पाळ्यातलं प्रत्येक घर उगादीला निंब-गुळासाठी तिथलीच डहाळी नेई. पंकजम्मा, म्हणजे आमच्या चौकातली बिनपगारी आकाशवाणी, ताटली घेऊन आली आणि वर बघतच राहिली. "काय हो सिद्दगंगय्या, नवरी रुसली का?" पानं पिवळी पडली होती. एक फांदी तर सरपणासारखी वाळली होती. पिंपळही मलूल दिसत होता.

"रुसली नाही," सिद्दगंगय्या म्हणाले. "कोणीतरी विष घातलंय."

त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. जाहिरातीच्या फलकाआड येणाऱ्या झाडाच्या बुंध्याला भोक पाडून त्यात अ‍ॅसिड ओततात, हे आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं. आणि आमच्या चौकात तिम्मेगौडाच्या गच्चीवर साड्यांचा भला मोठा फलक होता, त्यातल्या बाईचं तोंड पिंपळाने पुरतं झाकलेलं. सिद्दगंगय्यांनी बुंध्याची साल इंचाइंचाने चाचपली, नाकाला लावून हुंगली. भोक काही सापडलं नाही. तरी भर चौकात तिम्मेगौडाला धरलंच.

"काय ओतलंस रे?"

"अहो कंडक्टरसाहेब, मी कशाला ओतू? तुमचं भाषण ऐकूनच वाळलं असेल ते!"

"तोंड लपवू नकोस. तुझ्या बाईचं तोंड दिसायला हवंय तुला."

"चामुंडीची शपथ घेतो. माझी आई शनिवारी याच झाडाला प्रदक्षिणा घालते. मी काय तिच्या देवाला विष घालू?"

शपथेवर विश्वास ठेवतील तर ते सिद्दगंगय्या कसले. पास विसरलेला प्रत्येक जण शपथच घ्यायचा, म्हणाले. मग त्यांनी खुर्ची आणली आणि चौकात ठाण मांडलं. शहाळेवाला कोयता का लपवतो? रिक्षावाला कट्ट्याच्या कोपऱ्यावर का थुंकतो? माणूस दिसला की त्यांचे डोळे बारीक. हळूहळू संशयाची साथच पसरली. पंकजम्मा शहाळेवाल्याकडे बघेना, शहाळेवाला रिक्षावाल्याला उभा राहू देईना. मीसुद्धा ब्लाउज शिवता शिवता खिडकीतून कोण कट्ट्याशी किती वेळ थांबतं ते बघायला लागले. लाज वाटते सांगायला, पण मजाही वाटत होती. माझी पाळी येईपर्यंत.

माझ्या दुकानाची पायरी पिंपळाच्या मुळाने उचलली होती. पाऊस आला की पाणी आत. एकदा मी तोंडाने बोलून गेले होते की या झाडाचं एक दिवस काहीतरी करते. ते त्यांनी मनात ठेवलेलं. पायरीच्या बाजूला कट्ट्याचा कोपरा तडकला होता, आणि त्या भेगेत मी रोज सकाळी तांदळाचं धुवण ओतायची. त्या दिवशी ते मागेच येऊन उभे राहिले.

"जयशीलम्मा, हे काय ओतताय?"

"तांदळाचं धुवण."

"रोज?"

"रोज भात खातो म्हणून रोज."

"गटारात का नाही ओतत?"

"गटार चौकाच्या पलीकडच्या अंगाला आहे आणि गुडघे माझे आहेत."

त्यांनी वाकून ओल्या भेगेत बोट घातलं आणि नाकाशी नेलं. "यात आणखी काय आहे?"

"विष आहे. घ्या थोडं चाखून."

शहाळेवाला फिदीफिदी हसला. सिद्दगंगय्या हसले नाहीत. त्या संध्याकाळी मी नेहमीसारखी त्यांना कॉफी पाठवली, ती झाकणासकट परत आली. दुसऱ्या दिवशीही. होन्नम्मा गेल्यापासून त्यांची संध्याकाळची कॉफी माझ्याकडची होती. मला ते फार लागलं. ज्या हातची पेज बायकोने घेतली त्या हातची कॉफी नवऱ्याला चालेना. मीही मग हट्टाला पेटले आणि धुवण ओतताना मुद्दाम भांडं वाजवायला लागले.

निंबाची आणखी एक फांदी गेली. सिद्दगंगय्यांनी ठरवलं की आतली माती काढायची, तपासून घ्यायची आणि पोलिसांत जायचं. शनिवारी सकाळी, प्रदक्षिणेला आलेल्या बायका कट्ट्याभोवती असतानाच, पहार घेऊन आले. "सगळ्यांनी बघा," म्हणाले. "मागून कोणी म्हणायला नको, मीच काही घातलं." माझ्याकडे बघूनच म्हणाले.

निंबाच्या बाजूचा कोपरा फोडला. आतली माती त्यांनी मुठीत घेतली, हुंगली. अ‍ॅसिडचा वास नव्हता. कसलाच वास नव्हता. चुलीतल्या राखेसारखी ती बोटांतून गळून गेली. आणखी फोडलं. मुळं दिसली. भिंतीला आतून चिकटून गोल गोल फिरलेली, दार शोधणाऱ्या आंधळ्यासारखी, आणि शेवटी काळी पडून कुजलेली.

सिद्दगंगय्यांनी पंकजम्माच्या हातातला पाण्याचा तांब्या घेतला आणि बुंध्याशी ओतला. पाणी चकचकीत फरशीवरून उतारावर धावलं, कट्ट्याच्या कडेने खाली पडलं आणि सरळ पलीकडच्या गटारात गेलं. दर शनिवारी आम्ही सगळ्या हेच बघत होतो. आमचं सगळं पुण्य त्या गटारात जात होतं आणि एकीलाही दिसलं नव्हतं.

ते उठले आणि माझ्या पायरीच्या बाजूला आले. भेगेत पहार घालून सिमेंट उचकटलं. आत ओली काळी माती होती, आणि तीत पिंपळाच्या पांढऱ्या कोवळ्या मुळांचं जाळं. मी काही पुण्य केलं नव्हतं. गटार लांब होतं, एवढंच. पण ते बघून मला रडू आलं ते आलंच.

सिद्दगंगय्या तिथेच जमिनीवर बसले. "सगळ्यांची तिकिटं तपासली, जयशीलम्मा," म्हणाले. "बिनतिकिटाचा मीच निघालो."

मला त्यांना काहीतरी लागेल असं बोलायचं होतं. आठवडाभर जुळवून ठेवलेलं होतं. त्याऐवजी मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

खरी अडचण पुढेच होती. कट्टा ठेवावा तर पिंपळही जाणार. फोडावा तर रस्तावाल्यांना अडवणार कोण? चपला काढायला लावत होता तो कट्टाच. शिवाय बसवलेला नाग हलवायचा म्हणजे आमच्याकडे केवढं पातक. देवळातले अर्चक शेषाद्री धावत आले.

"सिद्दगंगय्या, नाग हलवला तर शाप पुढच्या पिढीला भोवतो. विचार करा."

"मला पुढची पिढीच नाही, स्वामी. माझ्या दारी येऊन तो शाप करणार काय? बसेल थोडा वेळ आणि जाईल परत."

शेषाद्री उपरणं सावरत मागे सरकले. पाळ्य मात्र पुढे सरसावलं. ज्यांना ज्यांना या माणसाने संशयाने पाहिलं होतं, त्या सगळ्यांनी त्या दिवशी हिशेब चुकता केला.

"किती दिले बिल्डरने, कंडक्टर?" तिम्मेगौडा गच्चीवरून ओरडला.

"कुंपणच शेत खायला निघालंय!" शहाळेवाला म्हणाला.

पंकजम्मा तर कमरेला पदर खोचून आडवी उभी राहिली. "आधी बांधायचं, मग फोडायचं. यात काहीतरी काळंबेरं आहे. कट्टा गेला की सोमवारी करवत येईल, बघाच तुम्ही."

सिद्दगंगय्यांनी कोणाला उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर कोणी ऐकलं नसतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यांनी नागाचे दगड एकेक करून छातीशी धरून खाली उतरवले आणि जमिनीवर अंथरलेल्या धोतरावर ठेवले. मग पहार मारत राहिले. होन्नम्माच्या नावाची शिळा आली तेव्हा हात थांबला. खालून ती सिमेंटमध्ये पक्की बसलेली, न फोडता निघण्यासारखी नव्हती. मी खिडकीतून बघत होते. मला वाटलं, आता राहू देतील तेवढी. त्यांनी डोक्याचा पंचा सोडून तिच्यावर घातला आणि मग पहार मारली.

मी मशीन बंद केली आणि घमेलं घेऊन बाहेर गेले. आधी मी एकटीच होते. मग तिम्मेगौडाची म्हातारी आई आली, मुलाकडे वर बघून म्हणाली, "तू ओरडत बस तिथे," आणि विटांचे तुकडे गोळा करायला लागली. दुपारपर्यंत बुंध्याभोवती उघडी माती होती आणि मातीवर नाग बसले होते, हळद लावलेले. पुढच्या आठवड्यात सिद्दगंगय्यांनी गल्लीतल्या रोपांभोवतीची सिमेंटची कडीही फोडली. लोक दारातून बघत, कुजबुजत. आजही पाळ्यात अर्ध्या लोकांना वाटतं की त्यांनी कोणाकडून तरी पैसे खाल्ले.

करवत आली नाही. मोजणीवाले एकदा आले होते, त्यांनी मातीतल्या नागांपुढेही चपला काढल्या. पिंपळाने तांबूस पालवी धरली. निंब मात्र गेला. सिद्दगंगय्यांनी तो तोडू दिला नाही. वाळलेल्या नवरीशेजारी पिंपळ एकटाच सळसळत राहिला, आणि त्याच्याखाली खुर्ची टाकून हे.

यंदाच्या उगादीच्या आधी मी सकाळी पातेलं घेऊन बाहेर आले तर माझ्या पायरीला आणखी एक तडा गेलेला. तड्यातून बोटभर लांबीचा कोंब वर आलेला, वर कातरलेल्या कडांची चार पानं. निंबच. मेलेल्या झाडाचं एखादं मूळ त्या ओल्या कोपऱ्यापर्यंत पोचलं असणार. मी खाली वाकले.

"होल्डान!"

पातेलं माझ्या हातातून पडता पडता राहिलं. सिद्दगंगय्या खुर्चीतून उठून आलेले. मी, पायरी, कोंब, असं सगळीकडे आळीपाळीने बघत होते. डोळे बारीक.

"उपटणार होतात?"

"माझी पायरी आहे. फोडलीय त्याने."

"मी पायरी नवी करून देतो. थोडी पलीकडे."

"सिमेंटची?"

त्यांनी पायाने जुन्या सिमेंटचा एक तुकडा बाजूला सारला. मग पातेल्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे कसलं पाणी?"

"विष," मी म्हणाले.

त्यांनी वाकून कोंबाभोवतीची माती बोटाने सैल केली, छोटंसं आळं केलं आणि बाजूला सरकले.

"घाला," म्हणाले. "आणि रोज घाला."