बसमधली गजक
आमच्या गावच्या दाल बाजारात तीळगुळाच्या ताज्या गजकचा खमंग वास आला आणि इथे झालेलं एका हिंदी सिनेमाचं शूटिंग आठवलं. सिनेमा एकमेकांना अनोळखी असलेल्या प्रवाशांचा होता, आणि हायवेवरच्या बसमध्ये आईला प्रवासी म्हणून बसवलं होतं, हातात गजक देऊन. कॅमेरा सुरू झाला की ती तुकडा मोडून शेजारच्या नटापुढे धरायची. दिग्दर्शक वैतागला, "माताजी, आप इन्हें जानती नहीं हैं!" आईने मला मराठीत बजावलं, "सांग त्यांना, शेजारी माणूस बसलेला असताना मी एकटी खाणार नाही. हवं तर दुसरी बाई बसवा." शेवटी नटानेच तुकडा घेऊन तोंडात टाकला. सिनेमात आईचा नुसता हात दिसतो. हल्ली बसमध्ये मी गजक पुढे केली की शेजारचे मोबाइलमधून मान वर न करताच नको म्हणतात. मी हात मागे घेत नाही.