सरी की साल

शेतकी विद्यापीठाच्या मळ्यात मी तरणा असल्यापासून कामाला आहे. शाळा चौथीपर्यंत, तीही कन्नड. घरात मराठी, पण बेंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली. तिला कोणी हसलं तर मला खपत नाही. शास्त्रज्ञ आले, गेले, काही माझ्यासमोर म्हातारे झाले. मी कोणाला सर म्हटलं नाही. बाप्यांना अण्णा, बायांना अक्का. त्यांनीही चालवून घेतलं.

यंदा पुण्याहून एक शास्त्रज्ञ बाई आल्या. त्यांचा इथला पहिलाच प्रयोग. जुन्या वाणाची नाचणी, बी जेमतेम मिळालेलं, सगळं रोपवाटिकेत पेरून झालेलं. लावणीच्या आदल्या दिवशी त्या मला सांगून गेल्या, "काका, या तुकड्यात सरी. त्या तुकड्यात नको."

आमच्याकडे सरी म्हणजे ठीक. रिक्षावाला सरी म्हणतो, भाजीवाली सरी म्हणते. मी समजलो, हा तुकडा ठीक आहे, तो दुसरा नको. मीही म्हटलं, "सरी, अक्का," आणि घरी गेलो.

सकाळी बाई उपटलेली रोपं ओल्या गोणपाटात गुंडाळून आल्या.

"काका, सरी कुठाय?"

"सरीच आहे की."

"अहो, कुठे? मला दिसत नाहीये."

"सगळं सरी आहे अक्का. स्वल्प ढेकळं आहेत, ती फोडतो."

"ढेकळं राहू द्या, सरी दाखवा!" त्यांनी खाली बसून बोटानं मातीत रेघ ओढली. "अशी! हिच्यातून पाणी जातं!"

"हे होय? ह्याला साल म्हणतात."

"साल म्हणजे वर्ष, काका. नाहीतर केळ्याची."

"ती तुमच्या पुण्यात."

एवढ्यात त्यांचे वरिष्ठ अण्णा आले. बाईंनी इंग्रजीत सांगितलं, मी कन्नडमध्ये. अण्णा हसून हसून बांधावरच बसले. बाई मात्र हसल्या नाहीत. ऊन चढत होतं. मुळं सुकली तर दुसरं बी नव्हतं, आणि प्रयोग तिथंच संपला असता. त्यांचा चेहरा बघून मी कुदळ उचलली. चूक माझी नव्हती, हे मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणतो.

अण्णा पँट दुमडून फणसाच्या सावलीत गोणपाटावर पाणी मारत बसले. मी पुढे खणत गेलो, बाई मागून रोपं लावत आल्या.

"काका, वाकडी जातेय."

"पाण्याला काय कळतंय?"

"मला कळतंय ना!" म्हणून त्यांनी दोरी ताणली. दोरी बरी पडली, ते मी तोंडानं बोललो नाही.

रोपं काही दिवस मान टाकून पडली होती. बाई सकाळ-संध्याकाळ येऊन उकिडव्या बसायच्या. मग एका सकाळी मी मळ्यात शिरलो तर त्या फोनवर आईला ओरडून सांगत होत्या, "जगली गं, सगळी जगली!"

मी बांधावर बसून डबा उघडला. भाकरी गार होती, पण गोड लागली.